काशिराम नाखव्याची सातशे ओळींची झोप

काशिराम नाखव्याला माणसं आवडत नसत, असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. त्याचं ऐकणारी माणसं त्याला चालायची. अडचण एवढीच की तशी माणसं तो राहायचा त्या विचुंब्यात नव्हती, कळंबोलीला ऑफिसात नव्हती, आणि घरात तर नव्हतीच नव्हती. पाण्याची टाकी कधी धुवायची यावरून त्याने सोसायटीच्या सेक्रेटरीशी बोलणं टाकलं होतं, गाडी लावायच्या जागेवरून खालच्या मजल्याशी, आणि ही दोघं तिच्याशी बोलतात म्हणून उरलेल्या इमारतीशी. त्याची बायको कुमुद म्हणायची, "तुमाला एक दिस भांडायला कोन नाय ना मिलला, तर आरशाफुडं उभं रावाल." काशिराम यावरही भांडायचा.

तो मूळचा उरणकडच्या करंज्याचा. बाप विठू नाखवा दर्यावर जाणारा, आजा जाणारा, चुलते जाणारे, आणि काशिरामला बोट लागायची. पहिल्यांदा बापाबरोबर गेला तेव्हा किनारा दिसेनासा व्हायच्या आत आडवा झाला. दुसऱ्या खेपेला होडी अजून बांधलेलीच होती. कोळीवाड्याने त्याचं नाव 'सुका कोळी' ठेवलं आणि गाव एकदा नाव ठेवतं ते काय पुसायला ठेवतं? त्याच्या लग्नातल्या हळदीला कोणीतरी ते नाव घेऊन हसलं, तर नवरदेवाने हळदीच्या अंगाने त्याची गचांडी धरली. लोक अजून सांगतात की त्या माणसाच्या सदऱ्याचे डाग गेले नाहीत. काशिरामचंही मन स्वच्छ झालं नाही. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा त्याने केला तो शिकायची आवड म्हणून कमी आणि गावाच्या नाकावर टिच्चून म्हणून जास्त.

कळंबोलीच्या लोखंड बाजारात, पत्र्यांच्या एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर त्याची कंपनी होती. खाली ट्रकमधून लोखंडाचे पत्रे उतरायचे, त्यांच्या आवाजाने वरचे चहाचे कप थरथरायचे. कंपनी बसच्या कंडक्टरांसाठी तिकीट मशीनं बनवायची. हातात मावणारं यंत्र, वर बटणं, आत एक चिमुकला प्रिंटर. बटण दाबलं की प्रिंटर कागद तापवून त्यावर अक्षरं उमटवतो आणि तिकीट बाहेर. मशीन आणि प्रिंटर यांच्यामध्ये जो कोड बसलेला असतो, जो प्रिंटरला ऊठ म्हणतो, छाप म्हणतो, आता झोप म्हणतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो ड्रायव्हर काशिरामचा. पहिल्या ओळीपासून त्याचा. फाइलच्या माथ्यावर त्याचं पूर्ण नाव होतं, बापाच्या नावासकट.

आणि त्या ड्रायव्हरमध्ये काशिरामचा खरा जीव अडकला होता तो झोपेच्या भागात. प्रिंटर हा मशीनमधला सगळ्यात खादाड प्राणी. तो जागा राहिला तर बॅटरी फस्त करतो, म्हणून दोन तिकिटांच्या मधल्या वेळेत त्याची वीज तोडायची आणि बटण दाबताच परत द्यायची. एवढंच काम. पण काशिरामने ते काम सातशे ओळींत केलं होतं. थंडीतली झोप वेगळी, उन्हाळ्यातली वेगळी. कागद संपलेला असताना निजायचं कसं, झाकण उघडं असताना कसं, बॅटरी उतरलेली असताना कसं. जेव्हा जेव्हा कुठून तक्रार आली तेव्हा त्याने एक ठिगळ लावलं, आणि लावलेलं ठिगळ कधी काढलं नाही. विचारलं तर म्हणायचा, "चालतंय ना? मग हात लावू नकोस."

कंपनीचा नियमच होता की फाइलच्या माथ्यावर ज्याचं नाव, त्याने 'हो' म्हटल्याशिवाय त्या फाइलीत कुणाचा बदल जायचा नाही. काशिरामने त्या एका 'हो'च्या जोरावर संस्थान चालवलं होतं.

आता एवढी देखणी झोप असताना बॅटरी दिवसभर टिकायला हवी होती. ती टिकत नव्हती. दुपार झाली की कंडक्टर बोंबलायचे. कंपनी म्हणायची, तुम्ही रात्री चार्जिंगला नीट लावत नाही. मग म्हणायची, तुमच्या डेपोतली वीज खराब. मग कंपनीने बॅटरी मोठी केली, आणि पुढच्या वर्षी आणखी मोठी. मशीन इतकं जाड झालं की कंडक्टर त्याला 'वीट' म्हणू लागले. ड्रायव्हरकडे बोट दाखवायची कुणाची टाप नव्हती, कारण ड्रायव्हर स्वतःच नोंद करायचा, 'प्रिंटर झोपला', 'प्रिंटर झोपला', आणि त्या नोंदी काशिराम मीटिंगमध्ये वकिलासारख्या वाचून दाखवायचा.

दोन हजार तेरा साली कादंबरी आली. पुण्याची, एम.टेक. झालेली, सुकापूरला दोन मैत्रिणींबरोबर भाड्याने राहणारी. कंपनीचे मालक सत्यजीत साहेब यांनी तिला सहा महिने बघू आणि मग कायम करू अशा बोलीवर घेतलं, आणि पहिलंच काम दिलं ते बॅटरीचं. म्हणजे वाघाच्या पिंजऱ्यात सोडून वर सांगितलं की जाळ्या जरा पुसून घे.

तिने काही आठवड्यांत बदल पाठवला. सातशे ओळींच्या जागी नव्वद. वर एका ओळीत लिहिलं होतं: 'प्रिंटर ड्रायव्हर: वीज सांभाळणारा कोड सोपा केला.'

काशिरामने ती ओळ वाचली आणि त्याच्या डोक्यात तिडीक गेली. सोपा केला! म्हणजे आधी अवघड होता. म्हणजे कुणीतरी अवघड करून ठेवला होता. आणि तो कुणीतरी कोण, हे माथ्यावर ढळढळीत लिहिलेलं. त्याच्या कानात करंज्याची जेट्टी हसायला लागली.

तिचं म्हणणं साधं होतं. काशिरामने ड्रायव्हर लिहिला तेव्हा सगळं हाताने करावं लागे. पण पहिलं मशीन विकलं जायच्या आतच मूळ सिस्टीममध्ये झोपेची सोय आली होती. ड्रायव्हरने फक्त दोनच गोष्टी बोलायच्या: काम आलं की 'घेतला', काम संपलं की 'सोडला'. जितक्यांनी घेतला तितक्यांनी सोडला की सिस्टीम आपणहून वीज तोडते. काशिरामनेही ही सोय तेव्हाच वापरली होती, पण जुनं काही न काढता तिच्यावर आपला डोलारा तसाच ठेवून. कादंबरीने डोलारा उतरवला होता.

मग काशिरामने जे आरंभलं ते बघायला खालच्या गोदामातल्या हमालांनीसुद्धा वर यावं अशा लायकीचं होतं. पहिल्या दिवशी त्याने तिच्या बदलावर एकच शब्द लिहिला, 'का?' तिने पानभर उत्तर दिलं. त्याने परत लिहिलं, 'का?' मग म्हणाला, एवढा मोठा बदल मी वाचणार नाही, तुकडे कर. तिने तुकडे केले. म्हणाला, तुकड्यांमधून अर्थ लागत नाही, एकत्र आण. तिने एकत्र आणलं. म्हणाला, ओळीच्या शेवटी रिकामी जागा राहिलीय. होती. एका ठिकाणी.

"मॅडम," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "पुण्यात नव्वद ओळींत चालत असेल. इथे बस चालते. खड्ड्यातून चालते."

"सर, खड्ड्याचा आणि या कोडचा संबंध काय?" ती विचारायची.

"तेच तर तुम्हाला कळत नाही."

ती रडेल, तक्रार करेल, निदान चिडेल तरी, अशी त्याची अपेक्षा होती. जेवायला एकच टेबल, तर तो मुद्दाम सुक्या बोंबलाची चटणी आणायला लागला, की हिने नाक मुरडावं आणि आपल्याला दोन शब्द बोलायला मिळावेत. तिने वास घेतला, म्हणाली, "थोडी देता का?" आणि भाकरीचा तुकडा पुढे केला. काशिरामला चटणी वाढावी लागली. भांडायला आलेल्या माणसाला वाढून देतात तेव्हा त्याचा जो अपमान होतो तो दुसऱ्या कशाने होत नाही.

शेवटी सत्यजीत साहेबांनी काशिरामला वळसा घातला. बदल फाइलीत घातला नाही, पण नवा कोड टाकलेली दोन मशीनं एका बसवाल्याच्या डेपोत चाचणीला दिली. काशिराम दोन दिवस कुणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी डेपोतून फोन आला आणि त्याच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते पाहून चहावाला दचकला.

तिकिटाची पहिली ओळ फिकी येत होती. इतकी फिकी की प्रवासी कुठून बसला तेच वाचता येईना, आणि तपासनिसाने एका म्हाताऱ्या प्रवाशाला विनातिकीट धरलं. बसमध्ये रण माजलं. बसवाल्याने साहेबांना फोनवर जे सुनावलं त्यातलं निम्मं इथे लिहिण्यासारखं नाही.

साहेबांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. कादंबरीला म्हणाले, "जुन्या मशीनला हे कधी झालं होतं?"

"नाही सर."

"सात वर्षांत एकदाही?"

"नाही सर. मला बघायला वेळ द्या, काहीतरी—"

"वेळ दिला होता." मग ते काशिरामकडे वळले. "तू मला लेखी दे. मोजून, पुराव्यासकट, की दोष नव्या कोडचा आहे. सोमवारी बदल रद्द करू. आणि—" त्यांनी कादंबरीकडे न बघता सांगितलं, "सहा महिने पुरे होईपर्यंत थांबण्यातही मग काही अर्थ नाही. दोघांचाही वेळ जातो."

कादंबरी बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक होता. घरी धाकट्या भावाचं शिक्षण चाललेलं, हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं. काशिरामला वाईट वाटलं का? छे. त्याला वाटलं, घे आता नव्वद ओळी.

शनिवारी सकाळीच तो ऑफिसात जाऊन बसला. दुसरं कुणी नव्हतं. त्याने दोन मशीनं टेबलावर मांडली, एक नव्या कोडचं, एक जुन्याचं, दोन्हींच्या बॅटरीच्या वाटेत मीटर जोडला. त्याला साहेबांना असं दाखवायचं होतं की बघा, झोपायला दोन्ही सारखीच झोपतात, वीज दोन्ही सारखीच वाचवतात, वर माझं तिकीट नीट छापतं. मग ही नवी ब्याद हवी कशाला? खरं तर आजवर त्याने मीटर कधी लावलाच नव्हता. ड्रायव्हर सांगत होता ना, झोपला म्हणून. स्वतःच्या लेकरावर कोण मीटर लावतो?

नव्या मशीनवर त्याने तिकीट काढलं. आकडा उडाला, कागद बाहेर आला, पहिली ओळ फिकी. थोड्या वेळात आकडा खाली गेला तो थेट तळाला. प्रिंटर झोपला.

जुन्या मशीनवर काढलं. तिकीट काळंभोर, ठसठशीत. पडद्यावर नोंद आली, 'प्रिंटर झोपला'. मीटरचा आकडा होता तिथेच.

काशिराम थांबला. आकडा थांबला. त्याने मीटरला शिवी दिली आणि तारा बदलल्या. मग मीटर बदलला. मग मशीन बदललं, कपाटातून दुसरं जुनं काढलं. तेही तसंच. नोंदीत घोरत होतं आणि वीज पीत बसलं होतं.

त्याने खुर्ची पडद्यापुढे ओढली.

तो कोडात शिरला. आपल्याच सातशे ओळींतून तो खाली खाली गेला, आणि झोपेचा भाग सुरू व्हायच्याही वर, जिथे प्रिंटर पहिल्यांदा सुरू होतो तिथे, त्याला ती ओळ सापडली. एक 'घेतला'. तिचा 'सोडला' कुठेच नव्हता. शेजारी त्याच्याच हातची टीप, इंग्रजी अक्षरांत मराठी: 'तात्पुरतं. डेमो झाला की काढणे.'

त्याला आठवलं. पहिल्या गिऱ्हाइकासमोर मशीन दाखवायचं होतं आणि प्रिंटर झोपून उठताना अडकत होता. म्हणून त्याने एक हात कायमचा धरून ठेवला होता, की प्रिंटर झोपूच नये. डेमो झाला, ऑर्डर मिळाली, पेढे वाटले, आणि धरलेला हात तसाच राहिला. त्यानंतर सात वर्षं त्याने झोपेचं जे जे म्हणून लिहिलं, उन्हाळ्याचं, थंडीचं, उघड्या झाकणाचं, त्यातल्या एकाही ओळीने प्रिंटरची वीज कधी तोडली नव्हती. त्या वर नुसती नोंद करत होत्या, की झोपला. बॅटऱ्या मोठ्या केल्या त्या यामुळे. वीट झाली ती यामुळे. आणि तिच्या मशीनची पहिली ओळ फिकी येत होती, कारण तिचा प्रिंटर खरोखर झोपत होता, आणि झोपेतून उठलेला प्रिंटर गार असतो.

आता इथे एखाद्या पोथीतला माणूस असता तर त्याला लगेच पश्चात्ताप झाला असता. काशिरामच्या मनात पहिला विचार आला तो असा, की हे कुणाला माहीत नाही. ही एक ओळ गुपचूप काढली की काम झालं. मग आपल्या सातशे ओळी खरोखरच झोपवतील, सोमवारी साहेबांपुढे आपलं मशीन आपल्या जोरावर जिंकेल, ती जाईल पुण्याला आणि नाव राहील नाखव्याचं.

त्याने ओळ काढली. कोड मशीनमध्ये भरला. तिकीट काढलं. आकडा खाली गेला, तळाला गेला, आणि काशिरामने मूठ आवळली. मग त्याने बटण दाबलं. काही झालं नाही. परत दाबलं. मशीन मेलं होतं. झोपलं ते झोपलंच, उठायचं नाव नाही. बॅटरी काढून घातली तेव्हा कुठे शुद्धीवर आलं.

दुपारभर तो झगडला. खाली पत्रे आदळत होते, वर काशिराम आदळत होता. उन्हाळ्याचं ठिगळ थंडीच्या ठिगळाला अडवत होतं, झाकणाचं कागदाला. एक नीट करावं तर दुसरं उसवत होतं. सात वर्षं कधी खऱ्या कामाला न लागलेला कोड होता तो, लढाईला नेलाय कुणी? संध्याकाळ झाली तेव्हा एवढंच सिद्ध झालं होतं की त्याचा कोड झोपतही नाही आणि झोपला तर उठत नाही. आणि तिच्या नव्वद ओळी झोपतही होत्या, उठतही होत्या. फक्त उठल्याबरोबर छापायला धावत होत्या. उठल्यावर प्रिंटरचं छापणारं डोकं तापेपर्यंत जरा दम धरायला हवा होता. तो दम काशिरामच्या जुन्या कोडात होता. तिला तो निरर्थक वाटला असणार, कारण कधीच न झोपणाऱ्या प्रिंटरपुढे तो निरर्थकच होता. तिने बाकीच्या कचऱ्याबरोबर तोही काढून टाकला होता.

घरी आल्यावर त्याने जेवणाला नाव ठेवलं, पंख्याला नाव ठेवलं, आणि मग नाव ठेवायला काही उरलं नाही तसा भिंतीकडे तोंड करून बसला. कुमुद बघत होती.

"काय झालंय तुमाला? ती पोरगी परत बोलली काय?"

"ती काय बोलंल? ती जातेय सोमवारी."

"मंग खुश व्हायचा ना. इतके दिस तिच्या नावानं शंख करतावं."

"झालोय खुश."

"आसा? मंग तोंड का मेल्यावानी केलाय?" तिने ताट उचललं. "तुमचा राग तिच्यावर नाय हाय. कोनावर हाय ता तुमालाच ठावं."

"तू गप बस," काशिराम म्हणाला. कुमुद गप्प बसली. त्याला तेही सोसलं नाही.

सोमवारी तो कादंबरीच्या आधी येऊन तिच्या टेबलापाशी उभा राहिला. ती आली ती सामान आवरायची पिशवी घेऊनच. तिने त्याला पाहिलं आणि पिशवी पायाशी ठेवली.

"फिकी ओळ का येते ते कळलं?" त्याने विचारलं.

"नाही."

"उठल्यावर थांबत नाही तुझा कोड. डोकं गार असतं."

तिने डोळे मिटले. "ते थांबणं मीच काढलं. मला वाटलं, जुन्या—" ती अडखळली.

"जुन्या कोडात त्याचा उपयोग नाय, असं वाटलं. का वाटलं?"

तिची नजर टेबलावरच्या मीटरकडे गेली. त्या नजरेवरून काशिरामला हळूहळू सगळं उमगलं. त्याचे कान तापले.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला. "जुना प्रिंटर झोपत नाय, हे तुला माहीत होतं."

"हो सर."

"कधीपासून?"

"आल्यावर लगेच. बॅटरीचं काम होतं, म्हणून आधी मीटरच लावला."

"मग सांगितलं का नाहीस? साहेबांना? मला?" त्याचा आवाज चढला. मागच्या टेबलावरची माणसं माना वर करून बघू लागली. "एवढे दिवस मी तुला जोड्याखाली मारत होतो, आणि तू खिशात हे घेऊन बसली होतीस?"

"काय सांगणार होते?" आता तिचाही आवाज चढला. "नवी पोरगी येते आणि सांगते, तुमच्या माणसाने सात वर्षांत प्रिंटर एकदाही झोपवला नाही? फाइलीवर तुमचं नाव आहे, सर. तुमच्या वडिलांचं आहे. मला वाटलं, दुरुस्ती म्हटलं तर चूक कुणाची ते निघणार. सोपा केला म्हटलं तर कुणाला काही कळणार नाही. काम होईल आणि तुमचं नाव जसंच्या तसं राहील. म्हणून तसं लिहिलं."

ज्या एका शब्दावरून काशिरामने तिचं जिणं नकोसं केलं होतं, तो शब्द तिने त्याची लाज झाकायला पांघरला होता. गावाने त्याला हसून घेतलं होतं, चुलत्यांनी हसून घेतलं होतं, त्या सगळ्यांशी तो भांडू शकला होता. ही कालची पोर त्याला सांभाळून घेत होती, आणि त्याला ते ठाऊकही नव्हतं. त्याला तिचा भयंकर संताप आला.

"कॉम्प्युटर उघड," तो म्हणाला.

"काय?"

"तुझा बदल उघड. पहिली ओळ खोड. सोपा केला नाय. लिही: प्रिंटर कधीच बंद होत नव्हता, ती चूक दुरुस्त केली."

"सर, याची गरज—"

"लिही म्हणतो ना! खाली लिही, चूक कोणत्या बदलातून आली. दोन हजार सहाचा. डेमोच्या आदल्या दिवसाचा. कुणी केली ते लिही. पूर्ण नाव लिही. काशिराम विठू नाखवा."

या धंद्यातली ही रीत आहे. दुरुस्ती करणाऱ्याने मूळ चूक कुठल्या बदलातली आणि कुणाची ते नोंदवायचं, आणि एकदा नोंदवलं की ते कुणाला पुसता येत नाही. जोवर कोड आहे तोवर ते नाव तिथे राहतं. काशिरामने आयुष्यात दुसऱ्यांची अशी नावं पुष्कळ लिहिली होती.

कादंबरी लिहीत होती, पण दातओठ खात. "एवढंच होतं तर आधी मीटर लावला असतात ना! माझी नोकरी जाते आहे आणि तुम्हाला आता—"

"झालं? आता त्याच्याखाली दुसरी चूक लिही. उठल्यावरचं थांबणं काढलं, म्हणून पहिली ओळ फिकी आली. त्याच्यासमोर तुझं नाव."

तिची बोटं थांबली.

"माझी चूक झाकलीस, तुझी मी झाकणार नाय," काशिराम म्हणाला. "लिही."

तिने लिहिलं. थांबायची ओळ त्याने तिच्या खांद्यावरून वाकून स्वतः घातली, मशीनमध्ये कोड भरला, तिकीट काढलं. पहिली ओळ काळीभोर आली. मीटरचा आकडा तळाला गेला. काशिरामने आपल्या टेबलावर जाऊन 'हो' दिला, दाराला लाथ मारावी तसा.

सत्यजीत साहेब केबिनमधून बाहेर आले. "काशिराम, रिपोर्ट?"

"तिच्या पडद्यावर आहे. वाचा."

साहेबांनी वाचलं. चष्मा काढून परत वाचलं. सगळं ऑफिस कामात असल्याचं सोंग करत होतं.

"सात वर्षं?" साहेब म्हणाले.

"सात वर्षं."

"आणि त्या बॅटऱ्या? डेपोवाल्यांना आपण काय काय बोललो..." त्यांनी हात कपाळाला लावला. मग त्यांचा चेहरा लाल झाला. "मग मी आता घालवायचं कुणाला? तुला का हिला?"

"चूक दोघांची लिहिलीय. दोघांना घालवा, नायतर दोघांना ठेवा," काशिराम म्हणाला. "मधलं काय मला विचारू नका."

साहेबांनी ती दोन नावं पुन्हा वाचली. मग ते केबिनमध्ये गेले, आणि आतून त्यांनी डेपोला लावलेल्या फोनचा आवाज यायला लागला, माफी मागणाऱ्या माणसाचा आवाज. उद्या दुरुस्त केलेली दोन मशीनं घेऊन आमच्या दोघांनाही पाठवतो म्हणत होते. सगळ्यांना कळलं की कुणी जात नाही.

कादंबरीने पायाशी ठेवलेली पिशवी टेबलाखाली सरकवली. ती काहीतरी बोलायला उठली, तसा काशिरामने तिला हातानेच थांबवलं.

"एक ऐक. भांडायचं तर भांड. तोंडावर शिव्या दे. पण माझ्यावर परत कधी अशी दया केलीस, तर याद राख."

तिने त्याच्याकडे पाहिलं. तिचे डोळे रडून नाही, रागाने भरले होते.

"नाही करणार, काशिराम," ती म्हणाली.

'सर' तिने गाळला होता. काशिरामने ते ऐकून घेतलं, खुर्ची वळवली, आणि तिने गेल्या आठवड्यात पाठवून ठेवलेला पुढचा बदल उघडून पहिल्या ओळीखाली लिहिलं, 'का?'